साधे पेट्रोल की उच्च ऑक्टेनचे?
वाहनधारकाने करावयाचा विचार

अमरावतीहून नागपूरकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर, शहर मागे पडल्यानंतर थोड्याच अंतरावर नांदगाव पेठ हे गाव लागते. पूर्वी 6 क्रमांकाने ओळखला जाणारा हा महामार्ग आता 53 क्रमांकाचा झाला आहे. महामार्गावरील पथकर नाका, औद्योगिक वसाहत, वस्त्रोद्योगाचे कारखाने आणि औष्णिक वीजकेंद्र यांमुळे या परिसरात वाहनांची वर्दळ अखंड असते. पाळीला जाणारे कामगार, आसपासच्या गावांत शिकविण्यास जाणारे शिक्षक, तहसील व पंचायत समितीच्या कामासाठी अमरावती गाठणारे सरपंच व ग्रामसेवक यांपैकी बहुतेकांच्या घरी आज दुचाकी आहे. काहींच्या दारात मोटारही उभी राहिली आहे. या सर्वांना पेट्रोल पंपावर कधी ना कधी एक प्रश्न विचारला जातो : “साधे टाकू की प्रीमियम?”

प्रश्न दोन शब्दांचा असला तरी त्याच्या उत्तरावर वर्षाकाठी काही हजार रुपये अवलंबून असतात. ‘महाग ते चांगले’ या समजुतीने काही जण अधिक दराचे पेट्रोल घेतात. काही जण मागे रांग लागलेली पाहून संकोचाने होकार देतात. काहींना वाटते, की आठवड्यातून एकदा ते टाकल्यास गाडीचे आयुष्य वाढते. या समजुतींत तथ्य किती आणि भ्रम किती, हे पाहावयाचे तर ‘ऑक्टेन’ या शब्दाचा नेमका अर्थ प्रथम समजून घेतला पाहिजे.

ऑक्टेन म्हणजे शक्ती नव्हे

पेट्रोलवर चालणाऱ्या एंजिनात हवा व पेट्रोल यांचे मिश्रण सिलिंडरमध्ये ओढले जाते. दट्ट्या वर सरकताना ते दाबले जाते आणि योग्य क्षणी प्लगची ठिणगी पडून पेट घेते. ठिणगीपासून निघालेली ज्योत क्रमाक्रमाने सर्व मिश्रणात पसरावी व तिच्या दाबाने दट्ट्या खाली ढकलला जावा, अशी ही योजना असते. परंतु मिश्रण दाबले गेले की ते तापते. दाब व उष्णता मर्यादेबाहेर गेल्यास, ज्योत पोचण्यापूर्वीच दूरच्या कोपऱ्यातील मिश्रण आपोआप भडकते. कडब्याच्या गंजीला एका टोकाने लागलेली आग पुढे सरकत जाणे निराळे आणि तीच गंजी मधूनच एकाएकी भडकणे निराळे, तसाच हा प्रकार होय. त्या वेळी एंजिनातून धातूवर ठोकल्यासारखा ‘टक्‌-टक्‌’ आवाज येतो. यालाच ‘नॉकिंग’ किंवा एंजिनाचा ठोका म्हणतात. हा ठोका तीव्र स्वरूपात दीर्घकाळ चालू राहिला तर दट्ट्या, कडी व बेअरिंग यांची हानी होते.

असा अवेळी भडका होऊ न देण्याची पेट्रोलची क्षमता ज्या अंकाने दर्शविली जाते, तो ऑक्टेन अंक. 1920 च्या दशकात अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ ग्रॅहॅम एडगर यांनी हे माप सुचविले. आयसोऑक्टेन हा द्रव ठोक्यास चांगला विरोध करतो, म्हणून त्यास 100 अंक देण्यात आला; नॉर्मल हेप्टेन सहज ठोका देतो, म्हणून त्यास शून्य. एखादे पेट्रोल प्रमाणित चाचणी-एंजिनात 91 भाग आयसोऑक्टेन व 9 भाग हेप्टेन यांच्या मिश्रणासारखे वागले, तर त्याचा ऑक्टेन अंक 91 ठरतो.

येथे एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावयास हवी. ऑक्टेन अंक हा सहनशक्तीचा अंक आहे, ऊर्जेचा नव्हे. 95 ऑक्टेनच्या एका लिटरमध्ये 91 ऑक्टेनच्या लिटरपेक्षा अधिक ऊर्जा साठविलेली नसते. ज्या एंजिनात 91 ऑक्टेनचे पेट्रोल ठोका न देता जळते, त्यात 95 चे टाकल्याने काही अधिक घडत नाही.

मग उच्च ऑक्टेनची गरज कोणास? ज्या एंजिनात मिश्रण अधिक दाबले जाते, त्यास. जुन्या काळातील मोटारींत हे दाबाचे प्रमाण सातआठास एक इतके असे. आजच्या अनेक एंजिनांत ते दहा ते बारास एक असते. काहींत टर्बोचार्जरच्या साह्याने हवा आणखी कोंबली जाते. अधिक दाब म्हणजे अधिक कार्यक्षमता, पण ठोक्याचा धोकाही अधिक. अशा मोजक्या एंजिनांना उच्च ऑक्टेनचे इंधन खरोखरच उपयोगी पडते.

देशातील पेट्रोल कसे बदलत गेले

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात देशात 87 व 93 ऑक्टेनचे पेट्रोल मिळत असे. त्या काळी ऑक्टेन वाढविण्यासाठी शिशाचे संयुग मिसळले जाई. अमेरिकेत 1921 मध्ये टॉमस मिजली यांनी या संयुगाचा गुण शोधून काढला होता. परंतु शिसे हे विष असून धुराबरोबर ते हवेत पसरते आणि लहान मुलांच्या मेंदूस विशेष अपाय करते, हे पुढे सिद्ध झाले. भारतात 1995 पासून चार महानगरांत शिसेविरहित पेट्रोल मिळू लागले आणि 1 फेब्रुवारी 2000 पासून ते सर्व देशभर लागू झाले.

‘प्रीमियम’ म्हणून नाममुद्रेने विकले जाणारे पेट्रोल बाजारात आले ते त्यानंतर. 1 एप्रिल 2002 रोजी इंधनाच्या प्रशासित किंमतपद्धतीचा शेवट झाला आणि त्याच सुमारास तेल कंपन्यांनी आपापली विशेष उत्पादने पुढे आणली. स्पीड, पॉवर, एक्सपी 95 ही नावे आज पंपांवर दिसतात. डिसेंबर 2020 मध्ये तर 100 ऑक्टेनचे एक्सपी 100 हे पेट्रोलही निवडक शहरांत विक्रीस आले. 95 अंकाच्या विशेष पेट्रोलमध्ये एंजिनातील काजळी व चिकट साका स्वच्छ करणारी द्रव्ये मिसळलेली असतात, असे कंपन्या सांगतात.

दरम्यान साधे पेट्रोलही साधे राहिले नाही. पूर्वी त्याचा ऑक्टेन अंक 88 होता, तो 91 झाला. 1 एप्रिल 2020 पासून देशभर भारत स्टेज 6 ही मानके लागू झाली व गंधकाचे प्रमाण दशलक्ष भागांत 50 वरून 10 भागांवर आले. पाठोपाठ इथेनॉलचे मिश्रण वाढत गेले. जून 2022 मध्ये 10 टक्के मिश्रणाचे उद्दिष्ट गाठण्यात आले, फेब्रुवारी 2023 मध्ये 20 टक्के मिश्रणाच्या पेट्रोलची विक्री सुरू झाली आणि 2025 मध्ये ते सर्वत्र रूढ झाले.

इथेनॉलचा स्वतःचा ऑक्टेन अंक 108 च्या आसपास आहे. त्यामुळे त्याच्या मिश्रणाने पेट्रोलचाही अंक चढतो. 20 टक्के मिश्रणाच्या पेट्रोलसाठी भारतीय मानकात किमान 95 ऑक्टेन अंक ठरविलेला आहे. केंद्रीय पेट्रोलियम मंत्रालयानेही ऑगस्ट 2025 मध्ये हेच स्पष्ट केले, की 20 टक्के इथेनॉलच्या मिश्रणाने साध्या पेट्रोलचा ऑक्टेन अंक 95 झाला आहे. याचा व्यावहारिक अर्थ महत्त्वाचा आहे. ज्या 95 अंकासाठी काही वर्षांपूर्वी ग्राहक जादा दाम मोजत होता, तो अंक आता साध्या पेट्रोललाही लाभला आहे. 95 अंकाच्या विशेष पेट्रोलसाठी आज जी अधिक रक्कम दिली जाते, ती मुख्यतः स्वच्छता-द्रव्यांसाठी व नाममुद्रेसाठी असते. शिवाय करातही फरक आहे. 2021 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात मूळ उत्पादन शुल्क साध्या पेट्रोलवर लिटरला 1 रुपया 40 पैसे आणि नाममुद्रेच्या पेट्रोलवर 2 रुपये 60 पैसे ठेवण्यात आले होते.

हिशेब मांडून पाहावा

अधिक दराचे पेट्रोल परवडते की नाही, हे ठरविण्यास मोठ्या गणिताची आवश्यकता नाही. उदाहरणापुरते असे धरू, की साधे पेट्रोल 105 रुपये लिटर आहे व विशेष पेट्रोल 112 रुपये. दरातील वाढ 7 रुपये, म्हणजे सुमारे 6.7 टक्के. तेव्हा प्रति लिटर अंतर, ज्यास बोलभाषेत ‘ॲव्हरेज’ म्हणतात, तेही निदान 6.7 टक्क्यांनी वाढले तरच व्यवहार समसमान होईल.

साध्या पेट्रोलवर लिटरला 18 किलोमीटर जाणारी मोटार विशेष पेट्रोलवर 19.2 किलोमीटर गेली पाहिजे. 50 किलोमीटर जाणारी मोटारसायकल 53.3 किलोमीटर गेली पाहिजे. तसे न झाल्यास, वर्षाला 12,000 किलोमीटर धावणाऱ्या त्या मोटारीस सुमारे 667 लिटर पेट्रोल लागते, त्यावर 4,667 रुपये अधिक खर्च होतात. वर्षाला 10,000 किलोमीटर धावणाऱ्या मोटारसायकलीस 200 लिटर लागते, त्यावर 1,400 रुपये. या रकमेत मोटारसायकलीची एखादी सर्व्हिसिंग किंवा मुलांची वह्या-पुस्तके सहज येऊ शकतात.

एवढी वाढ प्रत्यक्षात मिळते काय? अमेरिकेतील ‘एएए’ या वाहनधारकांच्या संस्थेने 2017 मध्ये, ज्यांना उच्च ऑक्टेनची केवळ शिफारस आहे अशा मोटारींची चाचणी घेतली. त्यांत इंधनाची सरासरी बचत 2.7 टक्के आढळली. वरील उदाहरणात 2.7 टक्के वाढ धरली तर वार्षिक खर्च 70,000 रुपयांवरून सुमारे 72,700 रुपयांवर जातो. म्हणजे नुकसान 2,700 रुपयांचे. ज्या गाड्यांना शिफारसही नाही, त्यांना तर एवढाही लाभ नाही. याच संस्थेने 2016 मध्ये दाखवून दिले होते, की साध्या पेट्रोलसाठी बनविलेल्या गाड्यांत महाग पेट्रोल भरून अमेरिकन वाहनधारकांनी एका वर्षात 2 अब्ज डॉलरहून अधिक रक्कम व्यर्थ घालविली.

परदेशातील नातलगांचा सल्ला ऐकताना मात्र एक सावधगिरी बाळगावी. अमेरिकेतील पंपावर दिसणारा 87 हा अंक निराळ्या पद्धतीने काढलेला असतो. भारतीय पद्धतीने तो सुमारे 91 ते 92 भरतो. दोन्ही अंकांची सरळ तुलना करू नये.

निवड कशी करावी

पहिली गोष्ट, वाहनासोबत मिळालेली माहितीपुस्तिका उघडून पाहावी. किमान ऑक्टेन अंक तेथे दिलेला असतो. पुष्कळदा इंधनटाकीच्या झाकणाच्या आतील बाजूसही तो छापलेला आढळतो. अंक 91 असेल तर साधे पेट्रोल पूर्णपणे पुरेसे आहे. 95 असेल तर पंपावरील साध्या पेट्रोलचा अंक विचारून घ्यावा. 97 किंवा त्याहून अधिक अंक आवश्यक आहे असे लिहिले असेल, तर उच्च ऑक्टेनचे पेट्रोल घेणे हेच योग्य. अशा वाहनात काटकसर करणे म्हणजे एंजिनाशी हेळसांड करणे होय. तसेच ‘आवश्यक’ व ‘शिफारस’ या दोन शब्दांतील भेद लक्षात घ्यावा. बहुतेक आधुनिक एंजिनांत ठोका ओळखणारा संवेदक असतो व तो ठिणगीची वेळ आपोआप मागेपुढे करतो. म्हणून जेथे केवळ शिफारस आहे तेथे साध्या पेट्रोलने एंजिन बिघडत नाही, जोर किंचित कमी होतो इतकेच.

दुसरी गोष्ट, ठोक्याचा आवाज येत असल्यास लगेच महाग पेट्रोलकडे धाव घेऊ नये. वऱ्हाडातील मे महिन्यात पारा 45 अंशांच्या घरात जातो. अशा हवेत, तिघांना बसवून, वरच्या गियरमध्ये चढ चढणाऱ्या मोटारसायकलीने ठोका दिला तर दोष पेट्रोलचा असेलच असे नाही. परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढताना वेळीच खालचा गियर घेतला तरी पुष्कळदा आवाज थांबतो. एंजिन तापणे, चुकीचा प्लग, सिलिंडरमध्ये साचलेली काजळी, ठिणगीची बिघडलेली वेळ ही कारणे प्रथम तपासून घ्यावीत. साध्या पेट्रोलमध्ये रॉकेलची भेसळ असेल तर ऑक्टेन अंक घसरून ठोका येतो, हेही ध्यानात असावे.

तिसरी गोष्ट, स्वतः मोजून पाहावे. टाकी पूर्ण भरावी, मीटरचा आकडा लिहून ठेवावा, नेहमीच्या रस्त्यावर गाडी चालवावी आणि पुन्हा टाकी भरताना किती लिटर लागले ते नोंदवावे. चाकांतील हवेचा दाब व गाडीवरील भार शक्यतो सारखा ठेवून साध्या पेट्रोलच्या तीन व विशेष पेट्रोलच्या तीन टाक्यांची अशी नोंद केल्यास खरे चित्र समोर येईल. शाळेतील आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांना शेकडेवारीचा धडा शिकविताना शिक्षकांनी हेच उदाहरण घेतले, तर गणिताबरोबर ग्राहकशिक्षणही होईल.

इथेनॉलचा प्रश्न निराळा

अनेक वाहनधारक ऑक्टेन व इथेनॉल या दोन गोष्टींची गल्लत करतात. पेट्रोल महाग आहे म्हणजे त्यात इथेनॉल नाही, असे समजू नये. पंपावर विचारूनच खात्री करावी. इथेनॉलमध्ये प्रति लिटर ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एकतृतीयांशाने कमी असते. त्यामुळे 20 टक्के मिश्रणावर अंतर काही प्रमाणात घटते. नीती आयोगाच्या 2021 च्या आराखड्यात ही घट, 10 टक्के मिश्रणासाठी बनविलेल्या व 20 टक्क्यांसाठी जुळविलेल्या मोटारींत 1 ते 2 टक्के, तर इथेनॉलरहित पेट्रोलसाठी बनविलेल्या जुन्या मोटारींत 6 ते 7 टक्के आणि तशा दुचाकींत 3 ते 4 टक्के सांगितली आहे. जुन्या वाहनांत दीर्घ वापरानंतर रबरी नळ्या व गॅस्केट बदलावे लागण्याची शक्यता असते. सर्व्हिसिंगच्या वेळी ते भाग तपासून घेणे इष्ट.

शेतकऱ्यांनी याबाबत विशेष दक्षता घ्यावी. इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते. कपाशी, तूर किंवा संत्र्याच्या बागेवर फवारणी करणारे पेट्रोलचे पंप हंगाम संपल्यावर कित्येक महिने पडून राहतात. अशा पंपाच्या टाकीत पेट्रोल तसेच ठेवल्यास तळाशी पाणी साचून गंज चढतो व कार्बुरेटर चोंदतो. हंगामाच्या अखेरीस टाकी रिकामी करून, एंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवून मगच पंप ठेवावा. त्यासाठी महाग पेट्रोलची गरज नाही.

ग्राहकाचे हक्क

कोणते पेट्रोल घ्यावे याइतकेच, जे घेतले ते मापात व शुद्ध मिळाले काय, हे महत्त्वाचे आहे. पंपावर वैधमापनशास्त्र विभागाने प्रमाणित केलेले 5 लिटरचे माप असते. शंका आल्यास ग्राहक त्यात मोजून देण्याची मागणी करू शकतो. 5 लिटरमागे 25 मिलिलिटरपर्यंतचीच तफावत चालते. गाळणकागदावर पेट्रोलचा थेंब टाकून तो उडून गेल्यावर डाग राहतो काय, हे पाहता येते. घनता मोजण्याचे साधनही पंपावर उपलब्ध असावे लागते. 15 अंश तापमानास काढलेली घनता पंपावरील नोंदीपेक्षा घनमीटरमागे 3 किलोग्रॅमहून अधिक निराळी आली, तर भेसळीचा संशय घेण्यास जागा असते. तक्रार-वही मागणे हा ग्राहकाचा हक्क आहे. भेसळीसारख्या गैरप्रकारांवर जीवनावश्यक वस्तू अधिनियम, 1955 खाली काढलेल्या 2005 च्या नियंत्रण आदेशान्वये कारवाई करता येते.

16 जून 2017 पासून पेट्रोलचे दर दररोज बदलतात. म्हणून टाकी भरण्यापूर्वी दर्शनी फलकावरील दोन्ही दर वाचावेत आणि कोणते पेट्रोल हवे ते स्पष्ट शब्दांत सांगावे. कोणते पेट्रोल हवे हे ठरविण्याचा अधिकार नळी हातात असलेल्या कर्मचाऱ्याचा नसून ग्राहकाचा आहे.

सार्वजनिक पैशाचा विचार

कार्यालये व स्थानिक संस्था यांच्या वाहनांबाबत हा विचार अधिक काटेकोरपणे व्हावयास हवा. एखाद्या तालुक्यातील कार्यालयांकडे पेट्रोलवर चालणारी पाच वाहने आहेत व प्रत्येकास महिन्याला 100 लिटर पेट्रोल लागते, असे धरल्यास वर्षाला 6,000 लिटर होतात. लिटरमागे 7 रुपयांचा फरक म्हणजे 42,000 रुपये. माहितीपुस्तिकेत गरज सांगितलेली नसताना हा खर्च होत असेल, तर तो एखाद्या अंगणवाडीच्या डागडुजीतून वजा झालेला पैसा समजावा. पंपाच्या पावतीवर पेट्रोलचा प्रकार व दर लिहून घेण्याचा दंडक घातल्यास आणि वाहन-नोंदवहीत दरमहा प्रति लिटर अंतर काढल्यास असा खर्च आपोआप उघडा पडतो.

डिझेलवरील वाहनांना ऑक्टेनचा विचार लागूच होत नाही. त्यांच्या इंधनाचा गुण ‘सीटेन’ या निराळ्या अंकाने मोजला जातो. चुकून डिझेल गाडीत पेट्रोल पडले, तर ती सुरू न करता टाकी रिकामी करून घ्यावी.

इंधनाची खरी बचत नळीच्या निवडीपेक्षा चालकाच्या सवयींत अधिक आहे. 1978 मध्ये स्थापन झालेली पेट्रोलियम संवर्धन संशोधन संस्था सातत्याने हेच सांगत आली आहे. ताशी 45 ते 55 किलोमीटरचा संथ वेग, चाकांत योग्य हवा, स्वच्छ एअर फिल्टर, वेळेवर ऑइल बदलणे आणि थांबल्यावर एंजिन बंद करणे, या साध्या गोष्टींना लिटरमागे सात रुपये मोजावे लागत नाहीत.

नांदगाव पेठच्या रस्त्याने पहाटे पाळीला निघालेला कामगार असो की मूर्तिजापूरच्या शाळेत जाणारा शिक्षक, त्याने घरी एकदा माहितीपुस्तिका उघडून आपल्या गाडीचा अंक पाहून ठेवला, तर पंपावरील त्या दोन शब्दांच्या प्रश्नाला त्याच्याजवळ स्वतःचे उत्तर असेल. आणि बहुसंख्य गाड्यांच्या बाबतीत ते उत्तर एकच असेल : साधेच टाका, पण माप पूर्ण द्या.